मदत हवी आहे: कुमाना, व्हेनेझुएलातले जुने संशोधन अंक

नमस्कार मंडळी,
मालवणात आपण ज्यांची सुकी करतो त्या हिरव्या शिनाण्यांवर (खाण्याच्या शिंपल्यांवर) मी टिपण लिहितेय. १९९० च्या दशकात ही आपल्याकडची शिनाणी थेट कॅरिबियनमध्ये पोचली: आधी त्रिनिदाद, मग १९९३ च्या सुमारास व्हेनेझुएलाचा सुक्रे किनारा. तिथे तपकिरी शिनाणी आधीपासून होतीच, आणि कारियाकोच्या आखातात दोघींची गाठ पडली. पुढे काय झालं, हे सगळ्यात बारकाईनं पाहिलं ते उनिव्हर्सिदाद दे ओरिएन्ते या सरकारी विद्यापीठानं. १९५८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ सुक्रे, आन्सोआतेगी, मोनागास, बोलिव्हार, नुएव्हा एस्पार्ता अशा पाच राज्यांत पसरलंय. त्याची समुद्रविज्ञान संस्था सुक्रेतल्या कुमानाला.

अडचण इथेच आहे. कुमानाच्या आवारातलं मुख्य ग्रंथालय जून २०२० मध्ये जळालं. त्यामुळे संस्थेच्या 'बोलेतीन' या संशोधनपत्रिकेचे १९९३ ते २००५ मधले अंक मला दुसरीकडेच शोधावे लागणार.

गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात कुणाची ये-जा आहे का? हे अंक तिथे येत होते का, एवढं पाहिलंत तरी पुरे. आणि स्पॅनिश नीट येणारं कुणी आहे का? यंत्राचं भाषांतर शिंपल्यांच्या बाबतीत भलतंच काहीतरी सांगतं. कुमानातून बाहेर पडलेले प्राध्यापक आता कुठे शिकवतात हे ठाऊक असेल तर तेही सांगा, पत्र माझं मी लिहीन.