ऐतिहासिक + प्रेमकथा + रहस्य + चिमूटभर जादू : काय वाचू?

केतकीचं_बन
मंडळी, पुस्तक सुचवा. डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर' नुकतीच संपवली. दुसऱ्या महायुद्धात नर्स असलेली बाई १९४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या उभ्या दगडांपाशी जाते आणि थेट १७४३ मध्ये पोचते! जादू एवढीच, बाकी प्रेम आणि कटकारस्थानं. हे प्रमाण मला भलतंच आवडलं. आपल्याकडचं असं काही? मराठी किंवा हिंदी चालेल. पानोपानी भाषणं ठोकणारे राजे नकोत, भुताटकीही नको.

जुनी_जिल्द
देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता', १८८८. डोळे झाकून घ्या. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि मध्ये तडमडणारा क्रूरसिंह. पण खरी धमाल ऐयारांची, म्हणजे राजांच्या पदरी असलेल्या बहुरूपी हेरांची. वेष पालटायचा, बेशुद्धीची पूड हुंगवायची, गठडी बांधून माणूस पळवायचा. शुद्धीवर आणायला बटव्यात 'लखलखा' असतोच. चपला ही चंद्रकांताची सखी स्वतः ऐयार आहे, नाजूक सखीबिखी नव्हे.

जादूचं म्हणाल तर तिलिस्म, म्हणजे गूढ, मायावी जागा. पडक्या वास्तूत दगडी बगळा चोच उघडून जिवंत माणूस गिळतो! पुढे कळतं की बगळ्याच्या पोटात यंत्र आहे. मला हेच जास्त आवडतं, चमत्काराची कळ शोधायची म्हणजे तोही तपासच की.

घाटवाट
+१, पण 'ऐतिहासिक' म्हणताना हात आखडता घ्या. राजे कल्पनेतले, गड मात्र खरे. कथेतला चुनारचा किल्ला मिर्झापूरकडे गंगेकाठी, विजयगढ सोनभद्र जिल्ह्यात. खत्रींनी त्या भागात जंगलाचे ठेके घेतले होते, तिथले भग्न अवशेष पालथे घातले होते. त्यामुळे गुहा आणि दऱ्या वाचताना पाय घसरेल असं वाटतं.

बोरूबहाद्दर
मराठीच हवं तर नाथमाधवांची 'वीरधवल' (१९१३). अद्भुतरम्य, भरपूर कारस्थानं. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, शिवकाळातली. ती मानाची खरी, पण तुम्हाला हवी ती मजा 'वीरधवल'मध्येच. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिली काही पानं नेटाने काढा.

केतकीचं_बन
चंद्रकांता म्हणजे दूरदर्शनवरची ना? 'यक्कू' म्हणणाऱ्या क्रूरसिंहवाली?

जुनी_जिल्द
नाव तेच, पण मालिकेने पुष्कळ मनचं घातलंय. कादंबरी चारच भागांची, हिंदी सोपं. पहिल्याच पानावर डोंगराच्या पायथ्याशी वीरेंद्रसिंह आणि त्याचा ऐयार तेजसिंह खलबत करत बसलेत, लगेच गोष्ट सुरू. पुढची 'चंद्रकांता संतति' आहे, तिचे २४ भाग मात्र एकदम मागवू नका, आधी ही जमतेय का बघा. आणि 'संतति'त पुढे भूतनाथ भेटेल, तो भूत नाही, ऐयारच आहे. तुमची अट मोडत नाही.