पोक, पोके आणि पाया

गोदाकाठ : कॉलेज रोडवर भाच्याने छोटे उपाहारगृह काढले आहे. तेथे गिऱ्हाईक समोर उभे राहून भात, कच्च्या ट्यूनाचे तुकडे, काकडी, सॉस असे एकेक जिन्नस सांगते आणि त्याप्रमाणे ‘poke bowl’ या हवाई बेटांवरील पदार्थाचा बाऊल भरून मिळतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही मराठी पाटी लागते, म्हणून रंगाऱ्याकडून ती करून घेतली, तर त्याने ‘पोक बोल’ असे रंगवले. ती वाचून आईने विचारले, “पोक काढून बोलायचे काय?” तेव्हा शुद्ध रूप कोणते? शिवाय तळाच्या भाताला म्हणजे ‘बेस’ला ‘पाया’ म्हटले, तर लोक सूप मागतील; त्याला काय म्हणावे?

विळी : हवाईयन भाषेत शेवटचा स्वर उच्चारतात, म्हणून ‘पोके’. त्या शब्दाचा अर्थच आडवे कापणे, तुकडे करणे असा आहे. ‘हवाई फोडींचा वाडगा’ असे सरळ लिहावे.

जुने नाशिक : फोड आंब्याची किंवा बटाट्याची असते, माशाची तुकडी असते. आणि ‘हवाई तुकडी’ लिहिल्यास लोकांना वायुदल आठवेल. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले, तरी मिसळीबरोबर पाव मागताना आपण कोठे अडखळतो? पोकेच ठेवावे.

विळी : ते शब्द रुळायला काळ गेला, येथे तर प्रयत्नाआधीच शरणागती आहे. मूळ पोकेत मीठ, समुद्रशेवाळ आणि कुकुई या झाडाच्या बियांचा भाजून कुटलेला गर असे. सोया सॉस आशियाई स्थलांतरितांबरोबर नंतर आला. मीठ आणि कूट घालून कालवलेला पदार्थ म्हणजे आपली कोशिंबीरच नव्हे काय?

सिन्नरकर : कोशिंबिरीसाठी काकडी चोचवावी लागते. माझी आजी काकडी तळहातावर उभी धरून सुरीने टोचे मारी आणि मग वरून पातळ काप काढी; चौकोनी तुकड्यांना ती कोशिंबीर म्हणूच देत नसे.

जुने नाशिक : आमच्याकडे त्याला ‘कोचवणे’ म्हणतात. ‘चोचवणे’ कोकणातले असावे.

सिन्नरकर : आजीने कोकण पाहिलेही नव्हते. शब्द चोचीवरून आला आहे, हे ती क्रिया पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

विळी : चोचीवरून कशावरून? टोच्यांवरून ‘टोचवणे’, आणि त्याचे ‘चोचवणे’ झाले, असे माझे मत आहे.

गोदाकाठ : रंगारी उद्या सकाळी येणार आहे. ‘पोके’ लिहायला सांगतो, पण त्या भाताचे काय?

सिन्नरकर : भात कोणता वापरता? इंद्रायणी असेल, तर काकडी चोचवलेलीच घाला.