दुपारी सोलर इन्व्हर्टर बंद पडतो तेव्हा मीटरपाशीही व्होल्टेज बघा

दुपारी व्होल्टेज चढून सोलर इन्व्हर्टर बंद पडला की ‘दोष ग्रीडचाच (वीज कंपनीच्या जाळ्याचाच), आपल्या हातात काही नाही’ असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. इन्व्हर्टर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर, मीटरपाशी नाही. वीज बाहेर ढकलायची तर त्याला ग्रीडपेक्षा थोडं वर चढावंच लागतं, आणि किती चढायचं ते मधली केबल ठरवते. माझा ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर गच्चीवर, मीटर खाली, मध्ये ३० मीटर ४ चौरस मिमी तांब्याची केबल. पूर्ण उत्पादनाला साधारण २२ अँपिअर जातात. जाऊन-येऊन ६० मीटर तारेत जवळपास ६ व्होल्ट वाढतात. एका कडक उन्हाच्या दुपारी मी वर स्क्रीनपाशी आणि मुलगा खाली मल्टिमीटर धरून, असं एकाच वेळी मोजलं. वर २५२, खाली २४६! नेहमीच्या २३० व्होल्टच्या वर १० टक्के म्हणजे २५३ ला इन्व्हर्टर आपोआप बंद पडणार, मग एखादा ढग सरकून ऊन वाढलं की झालंच. १० चौरस मिमीची केबल टाकल्यावर फरक अडीच व्होल्टांवर आला आणि दुपारचं बंद पडणं थांबलं. केबलआधी टर्मिनलचे स्क्रू मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सैल जोडही व्होल्टेज चढवतो आणि तापतो, ते जास्त धोक्याचं.

मीटरपाशीच २५३ च्या वर दिसलं तर मात्र केबल बदलून उपयोग नाही. तेव्हा वेळेसकट रीडिंग लिहून वीज कंपनीला द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बदलून व्होल्टेज खाली घ्यायला सांगा. इन्व्हर्टरची मर्यादा परस्पर वाढवू नका, चढलेलं व्होल्टेज घरातल्या फ्रिजलाही सोसावं लागतं.