शीग, पासंग, चवली: मापं गेली, शब्द मागे राहिले

‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ हे वाक्य आपण सगळेच लिहितो. यातली शीग म्हणजे काय, असं परवा पुतणीने विचारलं. तिला ते शिखर वाटत होतं, डोंगराचं टोक. अर्थ तिने बरोबर लावला होता, पण शीग डोंगरावर नसते. ती धान्याच्या मापावर असते.

ज्यांनी पायलीने धान्य मोजताना पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माप राशीत खुपसून भरायचं. काठापर्यंत भरलं की दोन्ही हातांच्या ओंजळीतून वर हळूहळू धान्य सोडायचं. काठाच्या वर ढीग चढत जातो, वर निमुळता होतो. मग एक वेळ अशी येते की आणखी चिमूटभर टाकलं तरी ते वर थांबत नाही, चहूबाजूंनी घरंगळून खाली येतं. काठावरचा तो ढीग म्हणजे शीग. शिगेला पोहोचलं म्हणजे आता याच्यावर काही मावायचं नाही. ‘शिगोशीग भरलेलं’ हा शब्दही तिथलाच. माझी आजी भाताचं माप घालायची तेव्हा शीग चांगली उंच राहायची, कारण भाताचं टरफल खरबरीत असतं, दाणा दाण्याला धरून ठेवतो. ज्वारीचा दाणा गोल आणि गुळगुळीत, त्याची शीग बुटकी. घेणाऱ्याला शीग लावून हवी असायची आणि देणाऱ्याला काठावरून हात फिरवून सपाट माप घालायचं असायचं. अर्धी घासाघीस किंमतीवर नाही, यावरच चालायची.

आणखी एक. आमच्याकडे पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार… मोजणारा मोठ्याने म्हणायचा आणि आम्हा मुलांना राशीजवळ बोलायची बंदी असायची, कारण मोजणी चुकली की सगळं पहिल्यापासून.

शब्दकोशात ही मापं सापडतात, कोष्टकंही सापडतात. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. हे सगळं दुपटीने चढत जातं, म्हणून लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते तोंडपाठ असायचं. पुढे मात्र गोंधळ आहे. मणाच्या पायल्या कुठे बारा, कुठे सोळा. मग वीस मणांची खंडी. ‘खंडीभर कामं पडलीत’ म्हणताना आपण किती मोठं माप वापरतोय याचा अंदाज आता कुणालाच नसतो. ‘पायलीचे पन्नास’ मात्र अजून ठणठणीत आहे; एका पायलीत पन्नास मिळतील इतके स्वस्त आणि मुबलक, हा अर्थ पायली न पाहिलेल्यालाही कळतो.

वजनाचा शेर वेगळा आणि मापाचा शेर वेगळा, हे विसरलं की जुने हिशेब लागत नाहीत. मापी शेर म्हणजे भांडं. त्यात मावणाऱ्या पोह्यांचं वजन आणि डाळीचं वजन एक कसं असेल? वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचे सोळा छटाक. चाळीस शेरांचा मण. वजनमापांचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि साठीच्या दशकात बाजारातून शेर हटला. गावाकडे पायली त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होती.

शब्द मात्र हटले नाहीत, त्यांनी आतल्या आत वजन बदललं. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. मंडईत आजही ‘पावशेर मिरच्या द्या’ म्हटलं की २५० ग्रॅम मिळतात. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. म्हणजे पावशेर जड झाला. उलट तोळा हलका झाला. पूर्वीचा ११.६६ ग्रॅमचा होता, आता सराफाकडे बोलताना आपण सरळ १० ग्रॅम धरतो. शब्द तोच, उच्चार तोच, माणसं एकमेकांना नीट समजतात, आणि आजोबांचा तोळा नातवाच्या तोळ्याहून दीड ग्रॅमपेक्षा जास्त भारी. लग्नात आजीला ‘पाच तोळे घातले’ असं घरात सांगत असतील, तर ते आजच्या हिशेबाने जवळजवळ सहा तोळे होतात.

‘तोळामासा प्रकृती’ या शब्दाचंही असंच. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. गुंज म्हणजे खरोखरची बी, लाल आणि डोळ्याशी काळी. सोनाराच्या छोट्या काट्यावर जिथे एका गुंजेने पारडं हलतं, तिथली ही भाषा आहे. जिची प्रकृती तोळामासा, तिला एवढंसं काही झालं तरी तोल जातो. धान्याच्या तागडीवरून हा शब्दप्रयोग निघालाच नसता.

आता पासंग. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं सर्रास म्हणतात आणि बऱ्याच जणांना पासंग म्हणजे बरोबरी किंवा तुलना वाटते. तागडीची दोन पारडी रिकामी असतानाही कधीकधी समान राहत नाहीत. दोऱ्या कमीजास्त होतात, पारड्याला पोचा येतो. मग हलक्या बाजूला एखादा खडा, लोखंडाचा तुकडा बांधून तोल साधतात. तो तुकडा म्हणजे पासंग. वजन म्हणून त्याला काही किंमत नाही, तो मोजतच नाहीत. म्हणजे ‘पासंगालाही पुरत नाही’ याचा अर्थ वजन म्हणून ठेवणं दूरच, तागडीचा दोष झाकायला बांधतात त्या खड्याइतकाही तू नाहीस. किती जहाल आहे हे! तुलना हा अर्थ घेतला की ती सगळी धार जाते.

म्हणून विनंती अशी, की जुन्या वस्तूंचे शब्द इथे नोंदवताना नुसता प्रतिशब्द देऊ नका. ती वस्तू हाताळायची कशी, ते लिहा. शीग म्हणजे ‘ढीग’ एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही.

प्रतिसाद

शीग आज कळली, आभार. माझा प्रश्न नाण्यांचा. चवली म्हणजे चार आणे ना? घरात वाद चालू आहे. सासूबाई दोन आणे म्हणतात.

प्रतिसाद

सासूबाईंचं बरोबर आहे. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. पावली म्हणजे पाव रुपया, अधेली म्हणजे अर्धा, इतकं सरळ आहे. ‘चवली’तल्या च मुळे अनेकांना चार आठवतो.

आणि हा गोंधळ आपल्या पिढीत होण्याला कारण आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. रुपयाचे शंभर नवे पैसे झाल्यावर चार आणे बरोबर २५ पैशांत बसले, आठ आणे ५० पैशांत. म्हणून ‘चाराणे’, ‘आठाणे’ हे शब्द नव्या नाण्यांवर जसेच्या तसे जाऊन बसले आणि पुढची पन्नास वर्षं जगले. एक आणा मात्र सव्वासहा पैशांचा, दोन आणे साडेबारा पैशांचे. त्यांच्यासाठी नव्या व्यवस्थेत नाणंच नव्हतं. चवली हा शब्द मेला तो या अर्ध्या पैशामुळे! पावलीला घर मिळालं, चवलीला मिळालं नाही.

पुढे जून २०११ अखेर २५ पैसे चलनातून बाद झाले. तरी ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ आजही सगळ्यांना कळते, कारण तिथे आणा पैसा राहिला नाही, प्रमाण झाला. ‘सोळा आणे खरं’ तसंच. सोळा म्हणजे पूर्ण, हे ठाऊक असलं की झालं.

ढब्बू पैसाही नोंदवून ठेवतो. दोन पैशांचं, म्हणजे अर्ध्या आण्याचं जाडजूड तांब्याचं नाणं. माझ्या आजोळी दोन होते, तळहातावर घेतले की खरंच हाताला कळायचं. भोकाचा पैसा त्यानंतरचा, १९४३ ते १९४७ च्या दरम्यान पाडलेला. चलनातून गेल्यावरही तो लहान मुलांच्या करदोट्यात ओवलेला असायचा.

प्रतिसाद

मग ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ पण मापातलंच धरायचं का? शाळेत आम्हाला अठरा जगं असं सांगितलं होतं.

प्रतिसाद

जगांशी काही संबंध नाही. विसवा म्हणजे विसावा भाग. वीस विसवे म्हणजे पूर्ण, त्यातले अठरा दारिद्र्याचे, असा एक अर्थ लावतात. दुसरे लोक अठरा गुणिले वीस करून ३६० काढतात आणि वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य असं सांगतात. मला पहिला पटतो. हिंदीतही ‘बीसों बिस्वे’ म्हणजे पूर्णपणे, असा प्रयोग आहे. शिवाय अठरा म्हटल्यावर दोन भाग शिल्लक राहतात, आणि सांगणाऱ्याने ते मुद्दाम ठेवले असावेत असं मला वाटतं.

प्रतिसाद

कापडाचं कुणी लिहिलं नाही. दुकानात कापड मीटरने, पण लुगडं नऊवारीच. वार म्हणजे यार्ड, ०.९१ मीटर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. ‘सव्वाआठ मीटरची साडी’ असं कोणी म्हणेल का? माझी आई कापड मोजताना पट्टी घेतच नसे. नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटांपर्यंत एक वार. आईची उंची बेताची, म्हणून प्रत्येक वारामागे ती दोन बोटं जास्त सोडायची. दुकानदाराच्या गजाशी तिचा हिशेब बहुतेक वेळा जुळायचा.

प्रतिसाद

हेच हवं होतं! ती दोन बोटं कुठल्याच कोशात नाहीत.

वेळेच्या मापाची भर घालतो. ‘घटका भरली’ म्हणतात, तिथे भरतं ते पाणी. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. छिद्रातून पाणी आत चढत जातं आणि २४ मिनिटांनी वाटी भरून बुडते. ती एक घटका. लग्नाच्या मुहूर्ताला भटजी त्या वाटीवर नजर ठेवून बसायचे. ‘त्याची घटका भरली’ याला मरणाचा अर्थ आला तो वाटी बुडण्यामुळे. पण ‘घटकाभर बसा की’ म्हणून पाहुण्याला आपण जेव्हा थांबवतो, तेव्हा तोच शब्द किती मायेचा होतो.

आता माझे दोन अडलेले शब्द. अडशिरीला तुमच्या भागात काय म्हणतात? आणि कोकणातल्या मंडळींनी कुडव या धान्याच्या मापाबद्दल लिहावं. तिकडे ‘चार मणांचं शेत’ अशी जमीन सांगतात, ते मण पेरलेल्या बियाण्याचे की पिकलेल्या भाताचे? दोन्ही बाजूंनी ऐकलंय. ज्यांनी घरात असं बोलताना ऐकलं असेल, त्यांनी गाव किंवा तालुक्यासकट लिहा, म्हणजे शब्द कुठवर पोहोचला होता तेही समजेल.