‘धरणी’ की ‘धरणे’? आणि मंडपात बसणं म्हणजे सत्याग्रह का?

बेळगावकर:
बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की आमच्याकडे शामियाने उभे राहतात. ऊसवाले शेतकरी, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार सगळेच येतात. एका मंडपावर कन्नड फलकाच्या खाली मराठीत ‘अहोरात्र धरणी सत्याग्रह’ असं लिहिलेलं पाहिलं. हे मराठी म्हणून चालेल का? दुसरं असं की मी शाळेत इतिहास शिकवतो. ‘सविनय कायदेभंग’ आला की मुलं हमखास विचारतात, सर, आधी अर्ज करून मग कायदा मोडायचा का? धरणे, सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांतला फरक कुणी नीट सांगेल का?

निपाणीकर:
सर, ‘धरणी’ थेट कन्नडमधून आली आहे. कन्नड वर्तमानपत्रांत ‘अहोरात्रि धरणी’ हा रोजच्या वापरातला जोडशब्द आहे. मराठीत धरणी म्हणजे भूमी, त्यामुळे फलकावर ‘धरणे’च हवं. सीमाभागात दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात, म्हणून असं होणारच. ‘चळवळ’ तिकडे ‘चळुवळी’ होते, आपला ‘चले जाव’ तिकडे ‘भारत बिट्टु तोलगि’ होतो. त्यात कमीपणा नाही. पण मराठी फलक मराठीत असावा.

धरणे मुळात देणेकऱ्याच्या दारात धरायचे. पैसे येणं असलेला माणूस उंबऱ्याशी उपाशी बसायचा. तो दारातच मेला तर पाप घरावर येईल, ही भीती त्यामागे असायची. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत दैवी कोपाची भीती घालण्याविरुद्ध ५०८ वं कलम घातलं आणि त्याचं उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाऱ्यालाच घेतलं. आज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिससमोर बसतात तेव्हा कोणाला पापाचा धाक घालत नाहीत. तरी ‘आमचं काहीतरी तुमच्याकडे येणं आहे, ते घेतल्याशिवाय उठणार नाही’ हा अर्थ शब्दात टिकून आहे, आणि तो मला फार योग्य वाटतो. थकलेलं ऊसबिल मागणारा शेतकरी अक्षरशः येणंच मागत असतो.

आता ‘सविनय’. मुलांची चूक नाही. ‘महोदय, सविनय विनंती की’ असं लिहायला आपणच त्यांना शिकवतो, त्यामुळे सविनय म्हणजे हात जोडून असं त्यांना वाटतं. संस्कृतात विनय म्हणजे शिस्त, वळण. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ ‘विनयपिटक’, तोच हा विनय. म्हणून सविनय कायदेभंग म्हणजे शिस्तीतला कायदेभंग. उघडपणे मोडायचा, नाव लपवायचं नाही, पळायचं नाही, हात उगारायचा नाही आणि शिक्षा होईल ती भोगायची. यातली एक अट सुटली की ‘सविनय’ गेलं, नुसता कायदेभंग उरला. मुलांना हे थोरोवरून सांगा. १८४६ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध यांना विरोध म्हणून त्याने डोईपट्टी भरली नाही आणि एक रात्र तुरुंगात काढली. त्याच्या निबंधाच्या नावातला ‘सिव्हिल’ राज्यसंस्थेशी नातं सांगणारा होता. गांधीजींनी त्याला सभ्य, संयमी हा अर्थ जोडला आणि मराठीत ‘सविनय’ आलं ते त्या दुसऱ्या अर्थाने.

सत्याग्रह आणि कायदेभंग एकच नव्हेत, हे महाडवरून सगळ्यात स्वच्छ कळतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तेव्हा कोणता कायदा मोडला? एकही नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं होतं. कायदा त्यांच्या बाजूने होता, मोडली ती रूढी. पुढे डिसेंबरात तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली, तेव्हा त्यांनी पाण्यावर जाणं थांबवलं आणि लढा कोर्टात नेला. म्हणजे हा सत्याग्रह होता, पण कायदेभंग नव्हता. याउलट आंबोली घाट उतरून खाली शिरोड्याला मे १९३० मध्ये मीठ उचललं गेलं, तिथे मिठाचा कायदाच अन्यायाचा होता आणि तोच मोडला. तो सत्याग्रहही होता आणि कायदेभंगही.

असहकारात काही मोडायचं नसतं, आपला हात काढून घ्यायचा असतो. सरकारी शाळा, कोर्ट, पदव्या सोडायच्या. सर, तुम्ही बेळगावचे म्हणून मुद्दाम सांगतो. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. ते अध्यक्ष झाले ते एवढंच एक अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था लावली, पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. पण तिथे असहकार पुकारला गेला असं जे भाषणांत सांगतात, ते उलटं आहे. परदेशी कापडावरचा बहिष्कार तेवढा ठेवून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून असहकार त्याच मांडवात स्थगित झाला आणि सभासदाने महिन्याला २००० वार सूत द्यावं अशी अट आली. हे मुलांना जरूर सांगा. लढा थांबवून माणसं बांधत बसणं हासुद्धा त्या मार्गाचाच भाग होता.

खानापूरकर:
छान. मग रास्ता रोको, हरताळ, बंद हे कुठे बसतात? आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन?

निपाणीकर:
हरताळ म्हणजे स्वतःचं दुकान स्वतः बंद ठेवणं. एप्रिल १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध देशभर झाला तो हरताळ. दुसऱ्याचं शटर खाली ओढायला लावलं की तो बंद. मी बंदला सत्याग्रह म्हणणार नाही, मागणी कितीही न्याय्य असो. (‘हरताळ फासणे’मधला हरताळ वेगळा, तो पोथीतली अक्षरं पुसायचा पिवळा रंग.)

रास्ता रोकोबद्दल मी आमच्या गावामुळे जरा जास्त बोलणार. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले. शरद जोशी नेते होते. बैलगाड्या, भाकरीची गाठोडी, पोराबाळांसकट माणसं आली आणि हमरस्त्यावर गावच वसलं. त्याला नाव पडलं आंदोलननगर. आमच्या घरची माणसं तिथे होती. चुली रस्त्यातच पेटायच्या, रात्री भजन चालायचं. व्यापारी आणि वखारी भाव ठरवणार आणि पिकवणारा मान खाली घालून उभा राहणार, हे त्या दिवसांत मोडलं. शेवटी पोलिसांनी तळ उठवला, गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. आता शब्दाचं बघा. वाहतुकीचा कायदा अन्यायाचा आहे असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. मोडला एक कायदा आणि मागणी वेगळीच. तरीही लपून काही केलं नाही आणि अटकेची तयारी होती, म्हणून मी त्याला सविनय कायदेभंगच म्हणेन. साराबंदीचंही तसंच.

काळ्या दिनाचं उत्तर परवानगीवर आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले, त्याचा तो निषेध. काळ्या फिती लावून परवानगीने सायकल फेरी काढली तर ती निषेध फेरी. जमावबंदी लागू असताना तीच फेरी काढून अटक करून घेतली तर कायदेभंग. पूर्वी ती बंदी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली यायची, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या १६३ खाली येते.

बेळगावकर:
म्हणजे परवानगी घेऊन टाकलेल्या मंडपाला ‘अहोरात्र धरणे’ एवढंच पुरे. पण तिथलेच दोघे-तिघे आता अन्न सोडणार आहेत. कन्नड फलकावर ‘उपवास सत्याग्रह’ येईल. मराठीत उपवास लिहिलेला चालेल?

निपाणीकर:
नको सर. उपवासाला आपल्याकडे साबुदाणा चालतो. ‘उपोषण’ लिहा. आळीपाळीने बसणार असतील तर ‘साखळी उपोषण’, आणि ‘आमरण’ हा शब्द खरंच तसं ठरलं असेल तरच.