मदत हवी: नॅनोफिल्ट्रेशनच्या मॉडेलमध्ये मेम्ब्रेनचा विद्युतभार आणि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट वेगवेगळे कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी फ्लोराइडयुक्त पाण्याच्या नॅनोफिल्ट्रेशनचं (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, दाबाने पाणी गाळण्याचं) मॉडेल लिहितेय आणि एका जागी गाडं अडलंय. मेम्ब्रेनवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर असतं. आरओने ते निघतं, पण त्यासोबत जवळजवळ सगळेच क्षार जातात आणि दाबही जास्त लागतो. नॅनोफिल्ट्रेशन कमी दाबावर चालतं आणि काही क्षार पाण्यात राहू देतं. मात्र फ्लोराइड किती अडेल हे पाण्यात बाकी काय विरघळलंय त्यावर ठरतं. प्रत्येक गावच्या पाण्यावर प्रयोग करणं शक्य नाही, म्हणून मॉडेल हवंय.

छिद्राच्या आत नेहमीचं नर्न्स्ट-प्लांक समीकरण घेतलंय: विसरण, पाण्याच्या प्रवाहासोबत वाहणं आणि विद्युत क्षेत्राची ओढ. छिद्राच्या तोंडाशी आयनचा आकार, डोनान समतोल (मेम्ब्रेनचा भार विरुद्ध भाराच्या आयनला ओढतो, समान भाराच्या आयनला ढकलतो) आणि डायइलेक्ट्रिक अडथळा (छिद्रातल्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे आयनचा भार झाकण्याची क्षमता, कमी असल्याने आयनला आत शिरणं जड जातं). ग्लुकोजच्या रिजेक्शनवरून (मेम्ब्रेन त्याचा किती भाग अडवतं त्यावरून) छिद्राची त्रिज्या 0.4 नॅनोमीटरच्या आसपास आली. इथवर सगळं ठीक.

आता अडचण. सोडियम क्लोराइडच्या रिजेक्शनच्या वक्रावर दोन अगदी वेगळ्या जोड्या तितक्याच चांगल्या बसतात: भार कमी आणि छिद्रातला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कमी, किंवा दोन्ही जास्त. मॅग्नेशियम क्लोराइड घेतल्यावर तिढा वाढतो. मेम्ब्रेन ऋणभारित, त्यामुळे नुसत्या डोनानने मॅग्नेशियम आत ओढलं जायला हवं, पण प्रयोगात ते चांगलंच अडतं. डायइलेक्ट्रिक अडथळा मोजणाऱ्या बॉर्नच्या पदात आयनच्या भाराचा वर्ग येतो (आणि आयनची त्रिज्या लहान तितका अडथळा जास्त), म्हणून डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट खाली आणला की हे जुळतं. पण मॅग्नेशियम चिकटून मेम्ब्रेनचा भारच धन झालाय असं धरलं तरीही जुळतं! यातलं खरं काय मानायचं?

दुसरं म्हणजे बॉर्नच्या पदात मी स्टोक्स त्रिज्या (आयन पाण्यात किती सहज सरकतो त्यावरून काढलेली) वापरतेय. फ्लोराइडची (सुमारे 0.17 नॅनोमीटर) क्लोराइडपेक्षा (0.12) मोठी, म्हणून मॉडेल फ्लोराइडला कमी अडथळा दाखवतं. प्रत्यक्षात फ्लोराइड पाण्याला कितीतरी घट्ट धरून असतं, म्हणजे त्याला अडथळा जास्त हवा. हे मला पटतच नाही.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. बॉर्नच्या पदासाठी स्टोक्स त्रिज्या वापरू नका. हायड्रेशन ऊर्जेशी (आयन पाण्याला किती घट्ट धरतो त्या ऊर्जेशी) जुळणारी त्रिज्या घ्या, म्हणजे फ्लोराइड-क्लोराइडचा क्रम सुलटा होईल. छिद्रातून सरकताना आयन किती मंदावतो ते सांगणाऱ्या गुणकांसाठी स्टोक्सच राहू दे. दोन जागी दोन त्रिज्या आल्या तरी बिघडत नाही.

भार वेगळा काढायचा असेल तर पीएच बदला. पॉलिअमाइड मेम्ब्रेनवरचा भार साधारण 3 ते 4 पीएचच्या दरम्यान शून्य होतो. आधी स्ट्रीमिंग पोटेन्शियलने (मेम्ब्रेनलगत पाणी वाहताना तयार होणारा विद्युतदाब मोजून) तो बिंदू शोधा आणि तिथे सोडियम क्लोराइडचं रिजेक्शन मोजा. डोनान बाद झाल्यावर उरतं ते आकाराचं आणि डायइलेक्ट्रिकचं. आकार ग्लुकोजवरून माहीत आहेच, म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट एकटा हाती लागेल. तो पक्का करून मग 7 पीएचवर भार बसवा. इतक्या आम्लात हायड्रोजन आयन हिशेबात धरायला विसरू नका, आणि ही चाचणी फ्लोराइडवर करू नका, कारण त्या पीएचला त्याचा बराच भाग हायड्रोफ्लोरिक आम्ल होऊन बसतो.

कॉन्सन्ट्रेशन पोलरायझेशनची (मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाशी क्षार साठून सांद्रता वाढते त्याची) दुरुस्ती केलीय ना? नसेल तर मेम्ब्रेनचं खरं रिजेक्शन कमी दिसेल आणि चूक भारावर ढकलली जाईल.

धागाकर्ती:

मनापासून आभार! पोलरायझेशनची दुरुस्ती केलीय, पण पीएचचा मार्ग सुचलाच नव्हता. एकच विचारायचंय: आमच्याकडच्या जास्त फ्लोराइडच्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट भरपूर असतं. सोडियम क्लोराइडवर काढलेला भार अशा पाण्याला तसाच लावू, की बायकार्बोनेटच्या वेगवेगळ्या सांद्रतांवर पुन्हा मोजू?