इथे राहून सैद्धांतिक भौतिकशास्त्रात मोठं काम होतं का?

प्रश्न: लेक अकरावीत आहे. नातेवाईक म्हणतात, परदेशी गेल्याशिवाय काही खरं नाही. काय सांगू तिला?

प्रतिसाद १: ताई, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांचं सांगा. १९६४ मध्ये केंब्रिजला त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तरी १९७२ ला मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले. मग पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, ती विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी आणि पोरांसाठीच.

प्रतिसाद २: आणि सही मागणाऱ्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. माझ्या भावाला आलेलं कार्ड आईने पोथीत जपून ठेवलंय, कडा पिवळ्या पडल्यात.

प्रतिसाद ३: विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली हे बहुतेकांनी मान्य केलं, तरी सर वेगळं मत गणितानिशी मांडत राहिले. मला तेच सगळ्यात मोठं वाटतं.

प्रश्नकर्ती: आज रात्री तिला हे वाचून दाखवते.